नाव न घेता मारलेली हाक

छत्रपती संभाजीनगर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राजेश्री,

तुला आशीर्वाद, आणि थोडा रागही. राग आधी काढून घेते.

परवा फोन केला तर तुझी सासू, तुझा नवरा परमेश्वर, तुझी लेक भक्ती, सगळं घर फोनभोवती बसलेलं. मी विचारलं, कापसाच्या जिनिंगात कसं चाललंय? तू म्हणालीस, "बरं हाय." मी विचारलं, शिकवलेलं उपयोगी पडतंय का? तू म्हणालीस, "पडतंय की." अगं, एवढं ऐकायला मी फोन केला नव्हता. म्हणून हे पत्र जिनिंगाच्या पत्त्यावर टाकते आहे. जेवणाच्या सुट्टीत बस आणि कागदावर उत्तर लिही, म्हणजे तुझ्या सासूला, कस्तुराबाईंना, मध्ये डोकावता येणार नाही.

आपल्या आया सख्ख्या बहिणी, मग विजूताई आता माझी परीक्षा का घेते, असं तुला वाटेल. परीक्षा तर तुम्ही सगळे दसऱ्यानंतरच पास झालात. आमच्या संस्थेनं तुमच्या जिनिंगात प्रशिक्षण दिलं, शेवटी प्रश्न विचारले, सगळ्यांनी पटापट उत्तरं दिली, पेढे वाटले. पण वर्गात मान डोलावणारा माणूस मशीनपाशी गेला की जुन्याच सवयीनं हात घालतो, हे मी इतक्या कारखान्यांत पाहिलंय की पेढ्यांवर माझा विश्वास राहिलेला नाही. आता माझं काम हेच आहे. काही दिवसांनी परत जायचं आणि शिकवलेलं कामात किती उतरलं ते मोजायचं.

आणि तुमच्याकडे मोजण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे. जमिनीखालून कापूस ओढून नेणारा तो पट्टा. तो अडकला की माणूस खाली नालीत उतरतो, आणि बटणापाशी उभ्या असलेल्याला तो दिसत नाही. म्हणून नियम असा, की बटण दाबायच्या आधी पट्ट्यावरच्या प्रत्येकाला नावानं हाक मारायची आणि प्रत्येकानं बाहेर येऊन ओ दिल्याशिवाय बोट हलवायचं नाही. हे होतंय का? खरं लिही. बहिणीची भीड नको.

तुझी,
विजूताई


वालूर
३ डिसेंबर २०२४

विजूताई,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र पोस्टमननं सगळ्यांसमोर हातात दिलं आणि पट्ट्यावरच्या दगडाबाईनं लगेच ओरडून विचारलं, "कुणाचं गं, माहेरचं का?" मी म्हटलं, माहेरचंच समज.

ताई, तुला एक सांगायचं राहिलं. मी आता कवडी निवडायला बसत नाही. खराब कापूस वेचून वेचून माझी बोटं काळी पडली होती, ते काम गेलं. मॅनेजरनी मला बटणावर घेतलंय. आधीचा माणूस कानात गाणी घालून बसायचा. "बाई, तुम्ही प्रशिक्षणात सगळ्यात पुढं होता, तुम्हीच उभ्या राहा," असं म्हणाले. बटणावर बाई आजवर कुणी उभी नव्हती. भक्तीनं शाळेत सांगितलं, माझी आई अख्खं जिनिंग चालू करते. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

हाका मारते. खरंच मारते. दगडाबाई, तिची सून, नालीत उतरणारे, सगळ्यांना. ओ आल्याशिवाय हात लावत नाही.

एक गंमत सांगते. नालीत उतरणारे एक जण आहेत, त्यांचं नाव अगदी आमच्या सासऱ्यांचंच. सासरे जाऊन सहा वर्षं झाली, पण घरात त्यांचं नाव कुणी सून घेत नाही, हे तुला ठाऊक आहे. परवा भक्तीला नागपंचमीचा धडा वाचून दाखवत होते, त्यात नागाला जो दुसरा शब्द असतो तो आला. मी तो गाळून पुढं गेले. भक्ती म्हणाली, "आई, तू एक शब्द खाल्लास." सासूबाई दारातून म्हणाल्या, "खाऊ दे, आजोबाचं नाव हाय ते." आणि आम्ही तिघी हसलो.

तर ह्या माणसाला मी पाथरीवाले म्हणते, कारण ते पाथरीहून येतात. त्यांना राग नाही. उलट मलाच सूनबाई म्हणून चिडवतात. "सूनबाई, घ्या की माझं नाव. मी काय तुमचा खरा सासरा हाय व्हय?" मी म्हणते, "नका ओ, जीभच वळंना." त्यांच्या घरामागं बोरीचं झाड आहे. येताना रुमालात बोरं बांधून आणतात आणि "सुनंचा वाटा" म्हणून माझ्यापुढं ठेवतात.

तुझी,
राजेश्री


छत्रपती संभाजीनगर
२१ डिसेंबर २०२४

चि. राजेश्री,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसले. समोरच्या टेबलावरच्या पोरीनं विचारलं, मॅडम, काय झालं? तिला काय सांगू, की माझ्या बहिणीच्या घरात सासऱ्यांचं नाव भुजंगराव आहे, म्हणून धड्यातला भुजंगही बिचारा उपाशी राहिला.

तू मात्र अजब आहेस. बारावीला कॉलेजात पहिली आली होतीस, बटणावर उभी राहतेस, आणि मेलेल्या सासऱ्याला घाबरतेस. पण तुला काय बोलू? माझ्या आईनं जन्मभर बाबांना "अहो, ऐकलंत का" एवढ्यावर भागवलं, आणि त्यांचं काही अडलं नाही. बाबांना बरोबर कळायचं की ते "अहो" आपल्यासाठीच आहे.

बटणावर गेलीस याचा मला इतका आनंद झाला की संस्थेतल्या आमच्या साहेबांना जाऊन सांगितलं. वर्गातला चांगला माणूस कामावर चांगला निघाला आणि त्याला मोठं काम मिळालं, असं क्वचित होतं. आमच्या कामात यापेक्षा मोठं बक्षीस नाही.

जानेवारीत मी येणार आहे. दिवस सांगणार नाही. सांगितला की सगळे सरळ वागतात आणि मोजलेलं खोटं ठरतं. मला बघून पदर सावरत बसू नकोस, जशी रोज वागतेस तशीच वाग.

विजूताई


वालूर
८ जानेवारी २०२५

विजूताई,

सा. न. लवकर ये. संक्रांतीच्या आसपास आलीस तर तिळगूळही होईल.

हंगाम जोरात आहे. फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागलीय, आणि पट्टा दिवसातून कितीदा तरी अडकतो. कापसात दगड येतात, चिंध्या येतात, एकदा कुणाची चप्पल आली. प्रत्येक वेळी थांबवायचं, माणूस खाली, मग हाका, मग चालू. मॅनेजर घाई करतात, पण मी हाका सोडत नाही.

ताई, एक विचारू का? हसू नकोस. नावानंच हाक मारायला हवी का? की ओ आली म्हणजे झालं? माझ्या मनात मधूनच येतं की मी एका माणसाचं नाव टाळते, हे बरोबर आहे की नाही. इथं कुणाला विचारावं तर हसतात.

तुझी,
राजेश्री


छत्रपती संभाजीनगर
२९ जानेवारी २०२५

चि. राजेश्री,

त्या दिवशी जिनिंगात आले तेव्हा तुला धड भेटताही आलं नाही, मला सेलूहून परतीची गाडी गाठायची होती. पण मी तिथं होते त्यातला बराच वेळ कापसाच्या गाठींच्या मागं उभी होते, हे तुला नंतर कळलं. तुझा चेहरा काय झाला होता गं!

आता ऐक. मी या वर्षी जितके कारखाने मोजले त्यात तुझ्याइतकं नीट काम करणारं कुणी दिसलं नाही. कुणी हाक मारतं आणि ओ यायच्या आत बटण दाबतं. कुणी नुसतं "हाय का कुणी" असं ओरडून मोकळं होतं. तू थांबतेस. ऐकतेस. मान वळवून पुन्हा ऐकतेस. अहवालात मी तुझ्याबद्दल लिहिलंय की या बाईला सगळं प्रशिक्षण पूर्ण येतं आणि ती ते रोज पाळते. मॅनेजर ते फ्रेम करून लावणार म्हणतात. लावू देत, तुला शोभतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. तुझी ती "ओ पाथरीवाले" हाक मी स्वतः ऐकली, आणि वर येऊन त्यांनी दिलेली "हाव सूनबाई" अशी ओही ऐकली. मला हसू आवरेना. आमच्या पाहणीत दोनच प्रश्न आहेत. हाक मारली का? उत्तर आलं का? दोन्हींना मी हो लिहिलं. तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नकोस. हाक पोचली आणि ओ आली म्हणजे झालं.

तिळगूळ भक्तीनं तुझ्या डब्यातून पाठवला होता, तो गाडीत संपवला.

विजूताई


छत्रपती संभाजीनगर
२० फेब्रुवारी २०२५

राजू,

तुझा फोन बंद आहे. परमेश्वरचा लागतो पण कुणी उचलत नाही. आज तुमच्या मॅनेजरचा फोन आला, त्यांनी मला तुझ्याबद्दलचा अहवाल पुन्हा मागितला. कशाला, तेही सांगितलं. मला तुझ्याकडून ऐकायचंय. काहीही लिही, दोन ओळी लिही. घरचा पत्ता घालते आहे, कुणी फोडलं तरी चालेल.

ताई


वालूर
२ मार्च २०२५

विजूताई,

दोन ओळीच लिहायला बसले होते, आता सगळंच लिहिते.

पट्टा अडकला. पाथरीवाले खाली उतरले, ते मी बघितलं होतं. मग वजनकाट्यावरच्या माणसानं काही विचारलं म्हणून मी तिकडं वळले. इकडं वळल्यावर रोजच्यासारख्या हाका मारल्या. दगडाबाई? ओ आली. तिची सून? ओ आली. मग मी म्हटलं, "ओ पाथरीवाले, वर आलाव का?" मागून पुरुषाचा आवाज आला, "हाव." मला वाटलं, वर आले.

तो आवाज हरिओमचा होता. नवा पोरगा, चार दिवसांपूर्वी लागलेला, कापसाच्या ढिगावर होता. तोही पाथरीचाच. चहाच्या वेळी पुरुषमंडळी त्यालाही पाथरीवाले म्हणायला लागली होती. मला ते माहीत नव्हतं. त्याला वाटलं, बाई मला विचारतीय, ढिगावर चढून आला का म्हणून.

मी बटण दाबलं.

पुढचं लिहवत नाही. पट्टा लगेच थांबवला. त्यांना दवाखान्यात नेईपर्यंत ते राहिले नाहीत. माझ्यापुढं सकाळची बोरं तशीच होती.

हरिओम रडून रडून आजारी पडलाय. त्याला मी म्हटलं, बाबा, तू ओ दिलीस, तुझं काय चुकलं? तुझ्या नावाला ओ दिली नाहीस, गावाला दिलीस, आणि गाव तर तुझंच आहे.

मला कामावरून काढलंय. त्याचं काही नाही. पण मॅनेजर सगळ्यांपुढं म्हणाले, "बाई, तुम्हाला शिकवलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तुम्हाला सगळं येतं, रोज पाळता, असं तुमच्या ताईनंच लिहून दिलंय. मग हा हलगर्जीपणा न्हाई तर काय?" आता परभणीच्या सरकारी ऑफिसात चौकशी आहे. पोलीसही येऊन गेले. माझ्यावर केस होईल म्हणतात. भक्ती शाळेत जात नाही.

सासूबाईंचं सांगते आणि थांबते. मी घरी येऊन पडले तेव्हा त्या उशाशी बसल्या आणि विचारलं, "कसं झालं गं?" मी सांगितलं, आबांचं नाव घ्यायला नको म्हणून मी पाथरीवाले म्हणत होते. त्या म्हणाल्या, "मला इचारायचं तर होतंस. मी म्हणले असते, घे बाई, कामाला घे. जिवापरीस का नाव मोठं हाय?" ताई, मला त्यांना विचारावं असं कधी वाटलंच नाही. सहा वर्षांत एकदाही नाही.

राजेश्री


छत्रपती संभाजीनगर
९ मार्च २०२५

राजू,

तू त्यांना विचारलं नाहीस, पण मला विचारलं होतंस. जानेवारीतलं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. नावानंच हाक मारायला हवी का, असं तू स्वच्छ विचारलंस. आणि मी, जी लोकांना नावानंच हाक मारा म्हणून शिकवते, मी तुला लिहिलं की ओ आली म्हणजे झालं. मला ती हाक गोड वाटली. मी आपल्या मुलखातली, मला सगळं कळत होतं, आणि कळत असल्यामुळेच मी हसले आणि हो लिहिलं. बाहेरचा कुणी मोजायला आला असता तर त्यानं विचारलं असतं, या माणसाचं नाव पाथरीवाले आहे का?

मी काय केलंय ते ऐक. चौकशीच्या साहेबांना लेखी दिलंय की माझी पाहणी चुकीची होती, माझा अहवाल धरू नये. मयताचं नाव राजेश्री मुळात घेऊच शकत नव्हती. तिच्या घरची रीत अशी की ते नाव तिच्या तोंडून निघत नाही, धड्यात आलं तरी निघत नाही. तिनं ही अडचण मला कळवली होती, मी दुर्लक्ष केलं. दोष द्यायचा तर मला आणि आमच्या संस्थेला द्या. आमच्या संस्थेचे साहेब माझ्यावर चिडलेत, मला पुढचं काम देणार नाहीत. न देवोत.

वकिलांशी बोलले. ते म्हणाले, यावर तुझी सुटका होऊ शकते. हलगर्जीपणा म्हणजे करता येत असून न करणं. तुला करता येतच नव्हतं. तेव्हा परभणीला विचारतील तेव्हा तू एवढंच सांग, "ते नाव मला घेता येत नाही." दुसरं काही बोलू नकोस. भक्तीकडं बघ आणि एवढंच बोल. माझं ऐक, राजू. एकदा माझं ऐकून तुझं वाटोळं झालं, तरी या वेळी ऐक.

ताई


वालूर
३० मार्च २०२५

विजूताई,

शुक्रवारी परभणीला जाऊन आले. भक्तीच्या पप्पांनी जीपनं नेलं. तू सांगितलेलं वाक्य मी रस्ताभर मनात म्हणत होते.

ऑफिसात चौकशीच्या साहेबांच्या खोलीतच लाकडी बाकावर बसवलं. पलीकडं पाथरीवाल्यांची बायको बसली होती, भिवराबाई. मी तिला आधी कधी बघितलं नव्हतं. माझ्याहून थोडी मोठी असेल. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही. तिचा भाऊ बरोबर होता, तो कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली गेला, आणि तेवढ्यात साहेबांनी तिलाच पहिलं बोलावलं.

साहेब वाईट नव्हते. हळू बोलत होते. म्हणाले, "बाई, मयताचं पूर्ण नाव सांगा."

तिनं तोंडाला पदर लावला.

साहेब म्हणाले, "कागदावर आहे, पण जबाब तुमचा आहे. तुमच्या तोंडून यायला पाहिजे, किंवा तुमच्या वतीनं कुणीतरी सांगा." ती तशीच. भाऊ कुठं दिसतोय का म्हणून दाराकडं बघत राहिली. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नसेल, ते आता तो गेल्यावर परक्या माणसापुढं कसं घेणार? साहेबांनी पुन्हा विचारलं. कोपऱ्यातला कारकून हसला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं चहूकडं बघितलं आणि बाई म्हणून खोलीत मीच होते, तर ती माझ्याकडं बघायला लागली. मी कोण आहे हे तिला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही.

ताई, मी काही ठरवलं नव्हतं. तिचं ते बघणं मला सहन झालं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, "भुजंग." खोलीत पंखा मोठा आवाज करत होता, साहेबांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, भुजंग, मग त्यांच्या वडिलांचं नाव, मग आडनाव. बटणावर हाक मारते तेवढ्या आवाजात. जीभ झडली नाही. काहीसुद्धा झालं नाही.

साहेबांनी लिहून घेतलं. मग त्यांनी समोरचा तुझा कागद बघितला, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "तुम्ही राजेश्री ना? तुम्हाला हे नाव घेता येत नाही असं इथं लिहिलंय."

मी म्हटलं, "व्हय, मीच."

"आता घेतलं की."

मी म्हटलं, "घेतलं." तेही त्यांनी लिहून घेतलं.

तुझा कागद फुकट गेला, ताई. वकील फार चिडले. आता केस होणार असं म्हणाले. तू रागावशील, रागाव. पण ते साहेब बोलले त्यात खोटं काही नव्हतं. मला येत होतं. परीक्षेतही येत होतं, तुझ्यासमोरही येत होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

बाहेर व्हरांड्यात भिवराबाई माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता मारते. मी उभीच राहिले, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं माझा हात धरला. तिला माहीत होतं मी कोण ते. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "लय लांब जातोय गं तुझा आवाज. त्यांला आयकू गेला असता."

मग तिचा भाऊ झेरॉक्स घेऊन आला आणि ती दोघं पाथरीच्या गाडीला निघून गेली.

तुझी,
राजेश्री